नाथबाळाचा नमस्कार

डॉ. आराधना पठारे यांनी त्या दिवशी मला गाडीत घेतलं ते माझ्या कामासाठी नव्हे, माझ्या नावासाठी. काम म्हणाल तर मी त्यांच्या आरोग्य मोहिमेचा लेखाधिकारी. डिझेल, औषधं आणि प्रवासभत्त्याची जुळवाजुळव करणारा. अशा माणसाला कुठल्याच गावात कुणी चहा विचारत नाही. पण नाव पडलं गहिनीनाथ दहिफळे. शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात नवनाथांपैकी एकाचं नाव लावून फिरणाऱ्याला निदान ओट्यावर बसा तरी म्हणतात.

"गावात तुम्ही आधी उतरा, मी मागून येते," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे पहिला दगड मला."

"आपल्या जिल्ह्यात दगड कुणी मारत नाही, दहिफळे. फाइल मारतात."

सकाळीच एक व्हिडिओ सगळ्या जिल्ह्याच्या मोबाईलवर फिरला होता. शेवगाव तालुक्यातलं धामणखडी, नाथांचं मंदिर, आरतीचा दणदणाट, आणि आजीच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ. दणदणाट सुरू झाला की बाळ डोळे उघडतं, दोन्ही हात पुढे येतात, मान खाली वाकते. क्षणभर थांबतं आणि पुन्हा तेच. पुन्हा तेच. खाली लिहिलेलं, 'नाथबाळाचा नमस्कार. पुढे पाठवा.' मी पाठवला होता. आमच्या अर्ध्या ऑफिसानं पाठवला होता. मॅडमनी तो चहा पिता पिता पाहिला, मग आवाज बंद करून पुन्हा पाहिला, आणि कप तसाच ठेवून गाडी काढायला सांगितली.

"तो नमस्कार नाही," पांढरीपूल मागे पडल्यावर त्या म्हणाल्या. "झटके आहेत."

"इतक्या शिस्तीत?"

"या जातीचे शिस्तीतच येतात. झोपेतून उठलं की एकामागून एक. जुन्या डॉक्टरांनीही याला सलामाचंच नाव दिलं होतं, तेव्हा आपण गावाला हसू नये. पण प्रत्येक सलामाला पोराच्या डोक्यातलं काहीतरी पुसलं जातं. आधी हसू जातं. मग ओळख जाते. मग मान धरणं, बसणं. औषध लवकर सुरू झालं तर पुष्कळ वाचवता येतं. उशीर झाला तर मी फक्त अपंगत्वाच्या दाखल्यावर सही करायला उरते."

हे त्या इतक्या सपाट आवाजात म्हणाल्या की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

बाईंची थोडी ओळख करून देतो. माणसाच्या जमा-नावेची मनातल्या मनात नोंद ठेवायची माझी जुनी खोड. मॅडम मूळ आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरच्या. वडील पीटर मास्तर गणित शिकवायचे, आई हन्नाबाई परिचारिका. पोरीनं आधी मुलांच्या रोगांची पदवी घेतली, मग दक्षिणेत जाऊन लहान मुलांच्या मेंदूचं शिकली, मग परदेश. अशी माणसं पुण्या-मुंबईला बसतात, त्यांची वेळ मिळायला महिने लागतात. ही बाई परत नगरला आली. तेव्हा मी मनात दोन कारणं लावून ठेवली होती. एकतर घरात भांडण, नाहीतर निवडणूक. दोन्ही चुकली. बाई आल्या त्या थेट आरोग्य केंद्रांच्या व्हरांड्यांत जाऊन बसल्या. झटका आलेल्या पोराला कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, आणि चहापेक्षा स्वस्त गोळी केंद्रात नसते म्हणून ते पोर पुन्हा पडतं, हे त्यांनी खुर्चीत बसून नव्हे, तिथं बसून पाहिलं. मग गोळी केंद्राकेंद्रात पोचवायला त्यांनी मला इतकं पळवलं की माझं पोट उतरलं. आता सगळ्या राज्याची अशी मोहीम निघणार होती, तिचं संचालकपद बाईंना द्यायचं घाटत होतं, आणि ती फाइल मुंबईत शेवटच्या टेबलावर होती.

म्हणूनच मिरी ओलांडताना नगरहून आमच्या साहेबांचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, धामणखडीला निघालात म्हणे. ते अमृत अण्णांचं गाव आहे. देवस्थानचे अध्यक्ष तेच. आरोग्य समितीचे सभापती होते. आजही त्यांचा एक फोन मुंबईला पुरतो. महिन्यावर त्यांची यात्रा आहे. तुमची फाइल सही होऊ द्या, मग काय ते."

"सर, पोराला महिना नाही."

"मी फक्त सांगितलं," साहेब म्हणाले. काही सांगितलं आणि काही सांगितलं नाही, दोन्ही पुढे सिद्ध करता यावं अशा बेतानं बोलण्यात साहेबांचा हात कुणी धरणार नाही.

राहीबाईंचं घर विचारावं लागलं नाही. दारापुढे दोन जीपा, एक टेम्पो आणि नारळांचा ढीग होता. राहीबाई म्हणजे बाळाची आजी. ओट्यावर पाय पसरून बसलेली, डोक्यावरून पदर, आणि चेहऱ्यावर नव्यानं आलेला मोठेपणा. तो अजून अंगाला बसलेला नव्हता. बाळाचा बाप हर्षल ट्रॅक्टर घेऊन श्रीगोंद्याला कारखान्याच्या ऊसवाहतुकीवर होता. आजोबा कधीच गेलेले. म्हणजे घरातला शब्द या म्हातारीचा.

मी नाव सांगितलं. म्हातारी हलली.

"गहिनीनाथ? मग वर बसा की. आन ह्या बाई?"

"या मुलांच्या डॉक्टर. नगरच्या."

"बघा की. समदे बघून चाललेत. पन आता निजलाय. आरतीला देव उठवतो त्याला, तवा बघा."

"देव उठवतो म्हणजे?" मॅडमनी विचारलं. त्या जमिनीवरच बसल्या होत्या.

"म्हंजे आरतीच्या आदी सून पाजून निजवती. मांडीवर घिऊन मी मंदिरात बसती. नगारा वाजला की डोळं उघडतं आन हात जोडतं. कुनी शिकवलं? माझ्या तीन पोरांत एकानं केलं न्हाई कदी."

"आरतीशिवाय करतो का?"

"देवाचं लेकरू हाय. कदीबी करंल."

मॅडम वाद घालत नाहीत. त्यांची रीत वेगळी. त्या आईचा मोबाईल मागतात. आजकाल पोर बोलायच्या आधी त्याचे शंभर व्हिडिओ होतात. मॅडम ते मागून पुढे बघत येतात, आणि पोर कुठल्या आठवड्यात बदललं ते आईच्याच बोटानं आईला दिसतं.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. निकिता, विशीची, बारावी झालेली. तिनं मोबाईल दिला नाही, मॅडमना आत बोलावलं. मी पाण्याचं निमित्त काढून उंबऱ्याशी टेकलो. लेखाधिकाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, याचा हा एक फायदा.

पहिल्या व्हिडिओत बाळ खदखदून हसत होतं. बाप तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढतोय आणि पोर हसून हसून उचकी लागेपर्यंत आलेलं. मग संक्रांतीचा, काळ्या झबल्यातला, हलव्याचे दागिने घातलेला. त्यात ते आईकडे बघतंय, पण हसत नाही. मग परवाचा. बापाचा तोच ट्रॅक्टर फोनवरून, आणि बाळ छताकडे बघतंय.

"नाव काय ठेवलंय?"

"श्लोक." मग हळूच, "पण आता श्लोक कोणी म्हणत नाही."

"आरतीशिवाय करतो?"

"दुपारी उठला तरी करतो. मोरीकडं तोंड असलं तर मोरीला करतो."

"सासूबाईंना सांगितलंत?"

"सांगितलं. आत्याबाई म्हणल्या, देव सगळीकडं असतो."

मॅडमनी मोबाईल खाली ठेवला.

"आणि करताना रडतो?"

निकितानं मान वर केली. तिला हे विचारणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

"दर खेपेला. वाकून झालं की रडतो. पण मंदिरात नगाऱ्याच्या मशीनपुढं कोणाला ऐकू येतंय?"

मॅडम म्हणाल्या, "आज रात्री नगरला भरती करू. मेंदूचा आलेख काढू, रक्त तपासू आणि लगेच औषध सुरू करू. तुम्ही हो म्हणा."

"माझ्या हो म्हणण्यानं काय होतंय, मॅडम. हे म्हणतात आईला विचार."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. अमृत अण्णा आले होते. पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं, आणि दोन पावलं मागे चालणारा, मोबाईल सतत छातीशी धरलेला एक कार्यकर्ता. अण्णांनी मला नमस्कार केला, मॅडमना केला, म्हातारीला वाकून केला. जो माणूस सगळ्यांना सारखाच वाकतो त्याच्याकडे नीट बघावं. त्याची कंबर कुणासाठीच दुखत नाही.

"मॅडम, कळवलं असतं तर सत्कार ठेवला असता," अण्णा म्हणाले. "बाळ बघितलं?"

"बघितलं. आजारी आहे. आज न्यायला हवं."

"नेऊ की. यात्रेत त्याची गूळतुला आहे. गुळाच्या ढेपा सांगून ठेवल्यात. दहा गावं येणार. तुला झाली की मी स्वतः माझ्या गाडीतून आणतो."

"तोवर हे पोर आईला ओळखायचं थांबेल, अण्णा."

म्हातारीचा हात जपमाळेवर थबकला. अण्णांनी आवाज खाली आणला. तो जितका खाली येई तितका मला जड वाटू लागला.

"तुमची फाइल चांगली चाललीय असं ऐकतो. आनंद आहे. आपल्या जिल्ह्याची लेक राज्याला जाणार. आता लोक कसे असतात, तुम्हाला माहितेय. तुम्ही रविवारी कुठं जाता तेही त्यांना माहितेय. उद्या कोणी म्हणलं की बाई आमच्या नाथाचा नमस्कार पुसायला आली, तर मी एकटा किती तोंडं धरणार?"

"रविवारी मी चर्चला जाते," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून तुमच्या पोरांकडे येते. नाथांशी माझं भांडण नाही, अण्णा. तुमच्याशीही नाही. मला ते पोर आज हवंय."

"निर्णय आजीचा," अण्णा म्हणाले आणि राहीबाईंकडे वळले. "काय म्हणता?"

म्हातारीनं नारळांकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "आरती हू द्या. बाईंनी सोताच्या डोळ्यानं बघावं. मग बोलू."

मी मनात मांडून पाहिलं. अण्णांच्या बाजूला यात्रा, दहा गावं, मुंबईचा फोन. म्हातारीच्या बाजूला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला मान. आजवर गावात तिला कुणी वर बसवलं नव्हतं. मॅडमच्या बाजूला एक सून, जिच्या हो म्हणण्यानं काही होत नव्हतं. इतका तोट्यातला ताळेबंद मी नोकरीत पाहिला नाही.

दिवेलागणीला मंदिर भरलं. पत्र्याचा मोठा मंडप, आत काळ्या दगडाचा गाभारा, आणि गाभाऱ्याच्या डाव्या हाताला ते मशीन. लोखंडी सांगाड्यात नगारा, दोन झांजा आणि एक घंटा. बटण दाबलं की मोटर फिरते आणि सगळं एकदम बडवलं जातं. वर अण्णांचं नाव, नगाऱ्यापेक्षा मोठं.

"आधी चार पोरं लागायची," पुजारी आदिनाथ मला म्हणाला, "तीबी चार तालात. आता एक बोट लागतं."

राहीबाई पुढे बसल्या. मांडीवर झोपलेलं बाळ. मॅडम त्यांच्या शेजारी, इतक्या जवळ की अण्णांच्या कार्यकर्त्याला दोघी एकाच चौकटीत घेता याव्यात. मॅडमनी मांडीवर घड्याळ काढून ठेवलं होतं. बायका डाव्या अंगाला भिंतीशी. निकिता त्यांच्यात, सगळ्यांत कडेला, विजेच्या बोर्डाजवळ. ती तिथं का बसली हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं सून आहे, कडेलाच बसणार.

आदिनाथनं बटण दाबलं.

पत्र्याखाली तो आवाज छातीत घुसतो. बाळ दचकलं, डोळे उघडले. पळभर काही नाही. मग हात पुढे आले, मान वाकली. मंडपातून एक लाट गेली. लोकांनी हात जोडले, मोबाईल वर झाले. पुन्हा. पुन्हा. मॅडम देवाकडे बघत नव्हत्या, बाळाकडेही नाही. त्या घड्याळाकडे बघत होत्या, आणि दोन नमस्कारांमधलं अंतर मोजताना त्यांचा जबडा आवळत चालला होता. शेजारी उभे असलेले अण्णा मंद हसत होते. मी त्या व्हिडिओला हात जोडले होते, आणि आता माझे हात खिशात होते.

तेवढ्यात आवाज बंद झाला.

वीज गेली असं सगळ्यांना वाटलं. पण दिवे चालू होते, पंखे फिरत होते. आरती म्हणणारे आवाज एक-एक करून अडखळत थांबले. आणि त्या शांततेत ते ऐकू आलं. बाळ वाकलं, सरळ झालं आणि रडलं. भुकेचं रडणं नव्हे, हट्टाचं नव्हे. कुणीतरी दांडगाईनं गदागदा हलवून सोडल्यावर येतं तसं, छोटं, घाबरलेलं. मग रडणं मधेच तुटलं, कारण मान पुन्हा वाकली. पुन्हा तेच रडणं. पुन्हा तुटलं.

आदिनाथ बोर्डाकडे निघाला. निकितानं बटणावर तळहात ठेवला होता.

"सुनबाई," अण्णा म्हणाले, "बटण सोडा. आरती मोडू नये."

"सोडते, अण्णा. एवढं ऐकू द्या." तिनं तळहात उचलला नाही. "आत्याबाई, तुम्ही म्हणता देव सगळीकडं असतो. मी कुठं नाही म्हणते. पण देवाला नमस्कार करताना कोणी असं रडतं का?"

राहीबाईंनी बाळाकडे पाहिलं. मला वाटतं, किती आरत्या झाल्या तरी त्यांनी ते असं पाहिलंच नव्हतं. बघणाऱ्या लोकांकडेच बघत होत्या. त्यांनी आपला खरखरीत हात बाळाच्या हनुवटीखाली धरला. मान आली आणि हात खाली दाबून गेली. पुढच्या खेपेला त्यांनी जोर लावून धरला. तरी दाबून गेली.

"लई जोर हाय ह्यात," म्हातारी पुटपुटली. "ह्यो करत न्हाई. ह्याला कुनीतरी करवतंय."

"हो," मॅडम म्हणाल्या. तेवढंच.

"जिता ऱ्हाईल का?"

"राहील. पण तुम्हाला ओळखणारा राहावा म्हणून मी आलेय. तेवढंही नक्की देईन असं म्हणत नाही. आज सुरू केलं तर जास्तीत जास्त आशा आहे."

मी कपाळाला हात लावायचा बाकी होतो. अशा वेळी 'नक्की बरा होईल' म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोराला कळतं. पण म्हातारीनं तेच उत्तर उचललं. आयुष्यभर सगळं नक्की आहे म्हणणाऱ्यांचं काय होतं ते तिनं पाहिलेलं असावं.

"राहीबाई," अण्णा म्हणाले, "यात्रा तोंडावर आलीय."

"यात्रा तुमची हाय, अण्णा. नातू माझा हाय." आणि मॅडमकडे वळून, "गाडीत किती मानसं बसत्यात?"

गाडीत बसलो, पण गाडी हलली नाही. गल्लीच्या तोंडाला उसाची भरलेली ट्रॉली आडवी लागली होती. ट्रॅक्टरवर कुणी नव्हतं.

"ड्रायव्हर जेवायला गेलाय," अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले. "बोलावतो. तोवर दोन शब्द बोला, मॅडम. लोक घाबरलेत. इतकंच म्हणा की बाळावर नाथांची कृपा आहे, नमस्कार खरा आहे, साधी तपासणी करून परत आणतो. मग रस्ता मोकळा. आणि तुमची फाइलसुद्धा, मी उद्या सकाळी स्वतः बोलतो."

कार्यकर्त्यानं मोबाईल काचेला लावला.

मागच्या सीटवर बाळ आईच्या कुशीत ग्लानीत पडलेलं. मला विचाराल तर एका वाक्याचा सवाल होता. वाक्य खोटं, पण पोर नगरला पोचत होतं आणि बाई मुंबईला. मी हळूच म्हणालोही, "मॅडम, म्हणून टाका. पोर महत्त्वाचं."

"हे एकच पोर आहे का, दहिफळे?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सकाळचा व्हिडिओ किती घरांत गेला? त्यातल्या एखाद्या घरात असंच वाकणारं दुसरं आहे. त्याची आई हेच बघणार."

मग त्या काच पूर्ण खाली करून मोबाईलकडे वळल्या.

"मी डॉक्टर आराधना पठारे. हा नमस्कार नाही, हे झटके आहेत. तुमच्या घरी बाळ झोपेतून उठल्यावर असं पुन्हा पुन्हा वाकत असेल, हसायचं कमी झालं असेल, तर यात्रा, लग्न, सुगी, कशासाठीही थांबू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात माझं नाव सांगा. राहीबाई थांबल्या नाहीत. आम्ही निघालोय."

अण्णांचा चेहरा न हलता बदलला. ते ट्रॉलीकडे बघेनात आणि ड्रायव्हरला हाकही मारेनात. गाडीभोवती माणसं वाढत होती. मागे बाळाला पुन्हा जाग आली आणि ते वाकू लागलं. निकिता त्याला छातीशी धरून मोठ्यानं मोजू लागली, मॅडमनी सांगितलं होतं तसं. तिचे आकडे बाहेर ऐकू जात होते.

तेव्हा मी उतरलो. शौर्य माझ्या खात्यात कधी जमा झालेलं नाही. पण समोरच्याचं नुकसान त्याच्या आधी मला दिसतं.

"अण्णा," मी कानाशी म्हणालो, "तुमच्या कार्यकर्त्याचा मोबाईल अजून चालू आहे. त्यात मॅडम आल्यात, आजारी लेकरू आलंय, आणि मागे ट्रॉली आलीय. ट्रॉलीवर तुमचं नाव आहे, तेही मोठं. रस्त्यात लेकराला काही झालं तर लोक यातलं काय बघतील?"

अण्णांनी ट्रॉलीकडे पाहिलं. सगळ्या वस्तूंवर नाव घालायच्या सवयीचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला असावा.

"गहिनीनाथ, तुम्ही हिशेबाचे माणूस," ते म्हणाले. आणि गर्दीकडे बघून, "अरे, ट्रॉली काढा. आजारी लेकरू आहे."

ड्रायव्हर दोन पावलांवरच उभा होता. जेवून झालं होतं वाटतं.

नगरला पोचलो तेव्हा हर्षल श्रीगोंद्याहून दवाखान्याच्या दारात येऊन थांबला होता, अंगाला मळीचा वास. आलेख काढला. मॅडमनी तो मलाही दाखवला; रेघांची नुसती भाऊगर्दी, जशी आमच्या मार्चअखेरची टेबलं. त्याच रात्री औषध सुरू झालं.

पुढचे दिवस वाईट गेले. औषधानं बाळ चिडचिडं झालं, रात्रभर भूक-भूक करू लागलं, गाल टम्म फुगले. वाकणं कमी झालं, पण थांबेना. निकिता रोज मोजायची आणि राहीबाई रोज विचारायच्या, आज किती. धामणखडीतून फोन यायचे, देव कोपला असेल म्हणून. म्हातारी म्हणायची, "मग माझ्यावर कोपू दे, लेकरावर कशाला." मॅडम सकाळ-संध्याकाळ यायच्या, आणि बाळ त्यांच्या डोळ्यांकडे बघतंय का एवढंच बघायच्या. ते बघत नव्हतं.

मुंबईहून फाइल परत आली, ती याच दिवसांत. 'उमेदवाराची जिल्ह्यातील गरज लक्षात घेता' असा शेरा. पद पुण्याच्या एका सभ्य गृहस्थांना मिळालं. मी कागद मॅडमच्या पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, पेपरवेटखाली सारला आणि विचारलं, "श्लोकचे आजचे किती?"

"निकिता म्हणते, एकही नाही."

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. या बाईला पाठ टेकताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हसू मात्र आणखी काही दिवसांनी आलं, तेही मॅडमसमोर नाही. हर्षल तोंडानं ट्रॅक्टर चालवत होता. निकितानं तो व्हिडिओ पाठवला. मॅडमनी आवाज मोठा करून पाहिला.

यात्रेला आम्हाला बोलावणं आलं. गावाच्या वेशीवर फलक होता. अण्णांचा हात जोडलेला फोटो, खाली मजकूर, 'बाळाला वेळीच उपचार मिळवून देणारे', आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढ्या मॅडम. "चांगला आलाय फोटो," त्या म्हणाल्या. गूळतुला झाली. औषधानं पोर असं बाळसेदार झालं होतं की सांगून ठेवलेल्या ढेपा कमी पडल्या आणि अण्णांना बाजारात माणूस पिटाळावा लागला. बाळ पारड्यात बसलं, मान किंचित डुगडुगत. बसायला ते उशिरानं शिकत होतं, आणि किती उशीर राहील हे मॅडमही सांगत नव्हत्या. ते गुळाकडे बघत होतं, आजीकडे बघत होतं. वाकलं नाही.

लांबून आलेली माणसं नाराज झाली. एक म्हातारा म्हणाला, "नमस्कार करत न्हाई व्हय आता?"

"त्याचं करून झालं," राहीबाई म्हणाल्या. "आता तुमी करा."

आरतीची वेळ झाली. आदिनाथनं बटण दाबलं, पत्रा थरथरू लागला. मी मॅडमच्या शेजारी उभा होतो, म्हणून मला दिसली. एक बाई, मागाहून कळलं की बेलापूरकडची, कडेवर झोपेतून उठलेलं तान्हं, गर्दीतून वाट काढत राहीबाईंपर्यंत पोचलेली. तिनं काहीतरी विचारलं. गोंगाटात ओठच हलताना दिसले. राहीबाईंनी ते पोर आपल्या मांडीवर घेतलं आणि हनुवटीखाली हात धरला.

मग मान वळवून त्यांनी गोंगाटाच्या वर आवाज चढवून पुजाऱ्याला हाक मारली.

"आदिनाथ, बंद कर जरा मशीन. ऐकू दे."